उंबरठा तीनवर

हॅलिफॅक्सच्या चढावर आमची गल्ली,
घरं खांद्याला खांदा लावून उभी.
माझी भिंत तीच मिस्टर अ‍ॅकरॉइडची भिंत:
माझ्या बाजूला ड्रम, त्यांच्या बाजूला जिना.

दिवसा मी लोकांचे दात घडवते,
रात्री वाजवायला बसते.
सेट जुना, बर्च लाकडाचा,
ब्रिगहाऊसच्या एका बंद पडलेल्या क्लबातून
ऐंशी पौंडांना आणलेला.
बेस ड्रमच्या पोटात कुणाची तरी फुलाफुलांची उशी.

उशी राहू दिली. पुड्या उतरवल्या
(प्लास्टिकच्या असल्या तरी पुड्याच).
त्या जागी जाळी ताणली,
आणि प्रत्येक कड्याला एक ट्रिगर चिमटला:
काडेपेटीएवढी डबी, खाली स्पंजचं बोट,
जाळीला जेमतेम टेकलेलं,
नाडी बघणाऱ्या वैद्याचं टेकतं तसं.
वायरी टेपने बांधल्या. मॉड्यूल हाय-हॅटशेजारी.
त्यात सातशे आवाज.
चारशे बारा नंबरला 'तबला' लिहिलंय.
तो तबला नाही.
ओल्या बादलीला कुणीतरी विचारलेला प्रश्न आहे तो.

पहिला आठवडा
स्नेअरवर मारलं की टॉम बोलायचा.
याला क्रॉसटॉक म्हणतात, मॅन्युअलने
दोन पानं खर्ची घातलीत.
आमच्याकडे चार शब्दांत भागतं:
लेकी बोले, सुने लागे.

ते निस्तरलं. मग हे सुरू झालं:
रात्री सव्वादहाला
हात मांडीवर असताना
हेडफोनमध्ये घंटा.
फ्लोअर टॉमला मी गंमत म्हणून
गाईच्या गळ्यातली घंटा दिली होती.
टण्. थांबून टण्.
सात झाल्या की मोठा खंड,
मग सहा.

वायर बदलली. स्पंज बदलला.
मनातल्या मनात विकणाऱ्याला शिव्या घातल्या.
चौथ्या रात्री हेडफोन काढले
आणि भिंतीला कान लावला.

मिस्टर अ‍ॅकरॉइड झोपायला चालले होते.
कठडा भिंतीत ठोकलेला, त्याला धरून,
काठी एकेका पायरीवर टेकत.
तेरा पायऱ्या. सातवीवर दम.

मॉड्यूलमध्ये एक आकडा असतो, थ्रेशोल्ड,
मी त्याला उंबरठा म्हणते:
त्याखालचं काही आत घ्यायचं नाही.
चारवर ठेवला
तर मिस्टर अ‍ॅकरॉइड नाहीसे होतात.
तीनवर ठेवला तर येतात.
मी बराच वेळ ते बटण चार-तीन, चार-तीन करत बसले.

नोव्हेंबरात एकदा
सात घंटा झाल्या.
मी काठ्या उचलून धरलेल्या.
खंड. खंडाच्याही पुढे खंड.
एवढी लांब सम मी कधी सोसली नाही.

चप्पल न घालता गेले. दार बडवलं, मुठीने,
मग हातातल्याच काठ्यांनी.
गल्लीतल्या दोन खिडक्या उजळल्या.

आतून टेकत टेकत उतरण्याचा आवाज,
सात, उलटा.
दार उघडून ते म्हणाले,
सातव्या पायरीवर बसून मोज्याचं भोक बघत होतो.
माझ्या पायांकडे पाहिलं, काठ्यांकडे पाहिलं.
आणि म्हणाले, पोरी,
तुझी ड्रमं गप्प झाली म्हणून बरं वाटत होतं,
आता दारं वाजवायला लागलीस?

मी सॉरी म्हणाले. गार फरशीवरून परत आले.
हेडफोन चढवले.

घंटा पहिल्यापासून सुरू झाल्या,
मीही बारीक आवाजात खाली हाय-हॅट धरला.
दहा. अकरा.
बाराव्याला मी जरा घाई केली,
ते लयीतच होते.